चौदा गाड्या, एका रांगेत

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून सातपुडा मड रायडर्स ग्रुपचा मी ‘रिस्पॉन्सिबल रायडिंग कॅप्टन’. बिनविरोध. बाकीचे तेव्हा भजी आणायला गेले होते, पण कोरम होता असं माझं मत. मागच्या राइडला कुणीतरी उभ्या पिकातून बाईक घातली म्हणून हे पद काढलं. कुणीतरी म्हणजे मीच. पण अनुभवी माणूसच हवा.

५ नोव्हेंबर
बारा नियम लिहिले. चौथा सर्वांत आवडता: अंगण, शेत, पीक यांत गाडी घालायची नाही, मोकळी जागा पाहून एका रांगेत पार्किंग. ग्रुपवर टाकले. अठरा मेंबर, दोन अंगठे. त्यातला एक माझा. सुरुवात चांगली.

९ नोव्हेंबर, रविवार, सायं. ७
जबरदस्त राइड. धडगावच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर चहाला थांबलो. मंडळी ज्वारीच्या शेतात गाड्या घालणार, तेवढ्यात मी जागा हेरली. गोल, सपाट, एक खडा नाही, वर शेणाने सारवलेली. काय हे आदरातिथ्य! चौदा गाड्या एका रांगेत. फोटो काढला.
निघताना अध्यक्ष भाग्येशने चाक घसरवत दोन गोल मारले. गोल मारण्याबद्दल नियम नाही. तेरावा करू. एका गाडीचं ऑइल गळलं, तेही शेतात नाही, पार्किंगमध्येच.
एक म्हातारी डोक्यावर कणसांची टोपली घेऊन बघत उभी होती. मी रामराम केला. तिने केला नाही. लाजाळू लोक.

१० नोव्हेंबर
चहा देणाऱ्या वीरसिंगला मी कार्ड दिलं होतं, ‘तक्रार असल्यास कळवा’. आज त्याचा फोन. चोवीस तासांत सिस्टीम चालू!
तक्रार अशी: ती जागा पार्किंग नव्हती, खळं होतं. ज्वारी बडवायला त्याच्या आईने, फुलवंताबाईने, आठ दिवस ठोकून, सारवून केलेलं. आता पोपडे निघालेत, मधोमध ऑइल मुरलंय. गुरुवारी सगळं घर गुजरातला ऊसतोडीला निघणार. मुकादमाची गाडी थांबत नाही. त्याआधी ज्वारी घरात पडायला हवी. म्हणाला, ‘साहेब, चौदा जण आले होते ना, तसे चौदा जण एक दिवस या. होऊन जाईल.’
मी शब्द दिला. उद्या सगळे येतो.
चेतनाला सांगितलं. ही बायको म्हणून काही धीर देईल? म्हणे, ‘तुमना बापनी सारी जिंदगी ब्राह्मणपुरीना खळावर काढी, नि तुमले खळं वळखता नही उनं?’
आमच्या ब्राह्मणपुरीच्या शेतात दहा वर्षं हार्वेस्टर येतो. कसं ओळखणार?

११ नोव्हेंबर
ग्रुपवर श्रमदानाचं आवाहन. भाग्येश: ‘भाऊ, मन्हा कंबरले पट्टा शे.’ परवा गोल मारताना नव्हता. दुसऱ्याकडे साखरपुडा. तिसऱ्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं, होकार की नकार कळेना. शेवटी भाग्येशच: ‘कॅप्टन तू शे ना? मंग तूच जाय.’
एकट्याने जाण्यात अर्थ नाही. टीमवर्क हा नियम दोन. रात्री ग्रुप म्यूट केला, शांतपणे विचार करायला.

१२ नोव्हेंबर
आधी माफीपत्र हवं. लेटरहेडवर. मसुदा चार वेळा लिहिला. ‘अनवधानाने’ की ‘गैरसमजातून’? ऑफिस सुटेपर्यंत ‘गैरसमजातून’वर आलो. वेळ आहे. गुरुवार उद्या.

१३ नोव्हेंबर, सकाळी ६
क्लच केबल तुटली. चेतना म्हणते एसटी जाते. राइडचा कॅप्टन एसटीने?

दुपारी १
वीरसिंगचा फोन, चालत्या गाडीतून. निघाले. आई मागे राहिली, ज्वारी उघड्यावर टाकून कशी येणार? दरवर्षी ऊसतोडीच्या तळावर त्याचा दीड वर्षाचा पोरगा तीच सांभाळते. नाही, दरवर्षी कसं, पोरगा दीड वर्षाचा. मागच्या वर्षी सांभाळला. यंदा तो नि त्याची बायको तोडीला लागले की पोर बांधावर एकटं राहणार.
मी म्हणालो, काळजी करू नका, रविवारी मी आहे.
फोन कट. घाटात रेंज नसते.

१४ नोव्हेंबर
रेंज आली असणार. फोन केला नाही. त्याला तोडीच्या कामात डिस्टर्ब नको.

१६ नोव्हेंबर, रविवार, सायं. ६
गेलो. एकटाच. गाडी खाली रस्त्यावर लावली, वर चालत.
खळं फुलवंताबाईने अर्धंच सारवून घेतलंय. ऑइल मुरलेली माती खणून काढलेली, तिथे खड्डा. अर्ध्या खळ्यावर एकटी बसून काठीने कणसं बडवत होती. मी माफीपत्र वाचून दाखवलं. संपेपर्यंत थांबली. मग मराठीत दोनच शब्द: ‘बूट काढ.’
काढले. दुसरी काठी घेतली आणि अर्धा तास बडवलं. तळहाताला दोन फोड. दाणे चांगलेच उडत होते, पार खड्ड्यापर्यंत. वाटलं, जमतंय. शेतकऱ्याचं रक्त आहे शेवटी.
काठी ठेवून पाणी मागितलं. तिने लोटा दिला. मग खड्ड्यातले दाणे एकेक वेचून आणले, मी बडवलेली कणसं आपल्याकडे ओढली, आणि पहिल्यापासून बडवायला लागली.