पेट्रोलच्या काट्याची वायर

शनिवार, संध्याकाळ

अण्णांच्या जुन्या गाडीसाठी पत्रा कापून मी नवं मीटर पॅनेल बनवलं, ते मागच्या आठवड्यातच पूर्ण झालं. फक्त पेट्रोलच्या काट्याची वायर मुद्दाम सुटी ठेवलीय. काटा दिसल्याशिवाय अण्णा गाडी बाहेर काढत नाहीत, आणि त्यांच्या नजरेवर आता गाडी नको, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. स्वतःच्या वडिलांना हे सांगू कसं? रोज पॅनेल खोलून खोटंच काम करत बसतो. वैताग आलाय.

आज अण्णांनी पॅनेलखाली हात घातला. सुटी वायर हाताला लागली.

"राहू दे अशीच," ते हळूच म्हणाले. "काटा तसाबी दिसत न्हाय मला. तुझ्या आईला सांगू नगंस."

म्हणजे उद्याही पॅनेल खोलायचंच. आता दोघांनी मिळून.