बेसणाचा फोटो

मांजलपूर, बडोदे
१९ जानेवारी १९९९

प्रिय मोहना,

आशीर्वाद. तिळगूळ वेगळ्या पाकिटातून पाठवला आहे. वाटेत मुंग्यांनी खाल्ला नाही तर इंदूरला पोचेल.

उत्तरायण पार पडलं. शिवांगीने उंधियू केलं होतं, त्यात भाजीपेक्षा तेल जास्त. गार्गीच्या बोटाला मांजा लागला, तेव्हापासून ती पट्टी मिरवते आहे. माझं ब्लडप्रेशर ठीक आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण सध्या या घरात सगळेच ते विचारतात.

फोनच केला असता, पण फोन दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यात सदा कोणीतरी बसलेलं. म्हणून पत्र.

माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतं आहे. प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात आयुष्य काढलं मी. फाइल आपल्यापासून लपवली जाते तेव्हा मला वासावरून कळतं.

परवा रविवारी उन्मेष टेप घेऊन भिंतीशी उभा होता. कोणत्या, तर यांच्या फोटोच्या. यांचा फोटो, त्याला चंदनाचा हार आणि शेजारी मोकळी जागा. मी विचारलं, "काय मोजतोस रे?"

"काही नाही आई, भिंत सरळ आहे का बघतो."

कोयलीच्या रिफायनरीत एवढा मोठा इंजिनिअर, त्याला स्वतःच्या घराची भिंत आत्ता बघावीशी वाटली. मग शिवांगीने माझी जांभळी इरकल न विचारता इस्त्रीला दिली. "तुम्हाला हा रंग खुलतो, आई." सुना उगाच असं बोलत नाहीत.

काल तर हद्द झाली. मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. ती बाहेर फोनवर गुजरातीत कोणाला तरी सांगत होती, "आईनो मोटो फोटो जोईए छे. बेसणानो."

आईचा मोठा फोटो हवा, बेसणाचा. इंदुरात राहून तू विसरली असशील. बेसणं म्हणजे माणूस गेल्यावर लोक भेटायला येऊन बसतात ते. इथे पेपरात त्याची जाहिरात देतात. वर गेलेल्याचा फोटो, खाली वेळ आणि पत्ता. म्हणजे माझ्या बेसणाचा फोटो सुनेने आगाऊ सांगून ठेवला, आणि मी आत मटार सोलते आहे.

या घरात माझा धड एक फोटो नाही. लग्नातल्या फोटोत मान खाली. तेव्हा सगळ्याच नवऱ्या मान खाली घालत, म्हणून निभावलं. निवृत्तीच्या समारंभात पुष्पगुच्छ तोंडापुढे धरला. रेल्वेच्या पासवर डोळे मिटलेले; तिकीट तपासनीस तो बघून मुकाट्याने परत द्यायचे. कारण तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही.

शिवाय चाकांच्या तीन मोठ्या बॅगा आणून माळ्यावर टाकल्या आहेत. स्वस्तात मिळाल्या म्हणे. गार्गीचा जन्माचा दाखलाही सारखा शोधतात. असो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

उन्मेष तुला फोन करतो. त्याने काही सांगितलं असेल तर सरळ लिही. शनिवारी मला स्टुडिओत नेणार आहेत. नाही म्हटलं तर मला संशय आला हे त्यांना कळेल, म्हणून हो म्हटलं आहे.

अजून तरी तुझीच,
ताई


मांजलपूर, बडोदे
२ फेब्रुवारी १९९९

प्रिय मोहना,

तुझं पत्र मिळालं. तिळगूळ, इंदूरची थंडी, माझा संशयी स्वभाव, सगळ्यावर लिहिलंस. बॅगांवर अक्षर नाही. म्हणजे तुलाही ठाऊक होतं. त्याचं बघू नंतर, आधी शनिवारचं सांगते.

नवा स्टुडिओ आहे, काचेचं दार, आत कॉम्प्युटर. मालक तुषारभाई. आम्हाला बघून ते उठून उभे राहिले, हात जोडले आणि हलक्या आवाजात शिवांगीला म्हणाले, "बहु खोटुं थयुं, बेन. बानी उंमर शुं हती?" फार वाईट झालं, बांचं, म्हणजे आईंचं, वय काय होतं. पुढे विचारलं, मोठा करायला जुना फोटो आणलात का.

शिवांगी म्हणाली, "जूनो नथी. बाने ज लाव्या छीए." आणि माझ्याकडे हात केला.

तुषारभाई माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, "एकसठ. हजी चालु छे."

झालं होतं असं. आमची शिवांगी साताऱ्याची. तिचं गुजराती खंडेराव मार्केटातल्या भाजीवाल्यांकडून उचललेलं. कमी पडेल तिथे मराठी शब्द वाकवून घालते. खुर्चीत बसून काढायचा तो बसण्याचा फोटो, त्याचं तिने केलं बेसणानो. म्हणायचं होतं बेसवानो. एका 'ण'ने मला मारलं.

उन्मेष हसून हसून दाराला टेकला. शिवांगी रडायच्या बेतात. "शप्पथ आई, मला खरंच माहीत नव्हतं."

"भाजीपुरत्या गुजरातीवर माणसं मारू नयेत," मी म्हटलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बेसणाचा नाही, तर मग फोटो कशाला?

मला खुर्चीत बसवलं, दिवे लावले. "बा, थोडुं स्माइल." माझा रुमाल तोंडाशी गेला. तो आपोआप जातो.

त्या वेळी मला काय दिसत होतं ते तुलाच कळेल. तू नऊ वर्षांची, पडद्यामागे. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. मुलाकडे पाठवलेल्या माझ्या फोटोत स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल चालवून हनुवटीवरचा तीळ उडवला होता, पुढे आलेले दात आत ढकलले होते. मुलाच्या आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठंय?" कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं होतं, प्रश्न विचारला की पूर्ण वाक्यात उत्तर द्यावं. मला एक शब्द सुचला नाही. पुढे यांनी फोटो मागवलाच नाही, स्वतःच येऊन बघितलं, म्हणून माझं लग्न झालं.

तर रुमाल तोंडाशी, तुषारभाई थांबलेले. उन्मेष म्हणाला, "आई, रुमाल घे ना खाली. हसू नकोस हवं तर. रागावलेला चालेल. मस्कतला गार्गीला अभ्यासाला बसवायला तसलाच लागेल."

बोलून गेला. शिवांगीने त्याच्याकडे बघितलं.

"कधी?" मी विचारलं.

"मार्चअखेर. तिची शाळा संपली की."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"फोटो झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर तू दार लावून बसली असतीस आणि आम्ही तुझ्या तोंडाशिवाय गेलो असतो."

"आणि ती भिंत?"

"बाबांच्या फ्रेमचं माप घेत होतो. तिकडे दोघांना शेजारी लावायचंय."

मग मात्र मी रुमाल मांडीवर टाकला आणि बोलायला सुरुवात केली. आईला वस्तूसारखं गुंडाळून नेतोस, परक्याच्या दुकानात बातमी देतोस, हे तुला कोणत्या शाळेत शिकवलं. बराच वेळ बोलले. शिवांगीच्या गुजरातीवर परत आले. मध्ये कधीतरी दिवा चमकला. तुषारभाई म्हणाले, "बस, थई गयुं." मला कळलंसुद्धा नाही.

कॉम्प्युटरवर दाखवला. तोंड अर्धवट उघडं, दात दिसताहेत, तीळ दिसतो आहे, एक बोट वर. तुषारभाईंना उत्साह. तीळ काढून देतो, दात सरळ करून देतो, बा, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, एका गोष्टीला हात लावाल तर पैसे मिळणार नाहीत.

मोहना, बॅगा आणल्या त्याच दिवशी मी ओळखलं होतं. सून माझ्या मरणाची वाट बघते आहे, यावर चार दिवस चिडून राहता येतं, बरं वाटतं. गार्गी जाणार, यावर कोणावर चिडू? त्याला तिकडे चांगली नोकरी मिळाली आहे. मलाही चल म्हणतात. मी बघू म्हटलं आहे. माझं बघू म्हणजे काय, ते उन्मेषला लहानपणापासून कळतं.

रोज संध्याकाळी गार्गी माझ्याकडे पाढे म्हणायला बसते. तेराचा अडतो. तो मार्चच्या आत पाठ करून घेणार आहे. पुढचे फोटोने घ्यावेत.

सोबत एक प्रत तुझ्यासाठी. तो जुना, पेन्सिलवाला फोटो आईच्या अल्बमातून तुझ्याकडे आला आहे, मला माहीत आहे. टाकू नकोस. त्याच्या समोरच्या पानावर हा लाव. कोणी विचारलं तर पूर्ण वाक्यात उत्तर दे.

तुझी,
फोटोतल्यासारखीच दिसणारी,
ताई