कणकवलीत आणलेला समुद्र

कणकवली,
ता. १९ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप दाजी यांस,

हरिश्चंद्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? गंगूताईचा खोकला थांबला का, आणि तिने काढा घेतला की तुळशीत ओतला? (तिच्या सवयी मला लहानपणापासून ठाऊक आहेत.) इकडे मथुरा बरी आहे, मीही बरा आहे. आबा बरे आहेत त्याहून थोडे जास्तच बरे आहेत, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे.

गेले दोन महिने दर शनिवारी तुम्ही समुद्राच्या पाण्याचे दोन डबे मालवणहून एसटीवर चढवून दिलेत आणि ते कशाला हवेत हे एकदाही विचारलं नाहीत. मथुरेच्या मते आबांच्या कमरेला शेक द्यायला, असा तुमचा समज झाला असावा. तसं नाही. मी त्या पाण्यात मासे पाळत होतो.

मार्चमध्ये आबा होडी ओढताना पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि मी त्यांना इकडे घेऊन आलो, हे सगळं तुमच्यासमोरच झालं. पुढचं तुम्हांला माहीत नाही. हाड जुळलं, पण आबा खाटेवरून उठेनात. आमच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत दिसते. तिच्याकडे बघत पडून राहत. बोलत फक्त पोस्टमनशी, आणि तेही आज वारा कुठला आहे एवढंच विचारायला. (तो बिचारा घाटावरचा. काहीतरी ठोकून देई. आबा त्यावर तासभर विचार करत.) मुंबईला एका डॉक्टरच्या दवाखान्यात मी काचेच्या पेटीत खाऱ्या पाण्यातले मासे पाहिले होते. माणसाला समुद्राकडे नेता येत नसेल तर समुद्र माणसाकडे आणावा, असं माझ्या मनात आलं. कारकुनाच्या मनात असं काही येऊ नये, हे मला आता कळलं आहे.

लोहाराकडून लोखंडी सांगाडा करून घेतला, खिडक्यांना भरतात ती लांबी भरून काचा बसवल्या, तळाला वाळू आणि खडकाचे तुकडे टाकले. कचेरीतल्या एकाने या विषयावरची इंग्रजी पुस्तिका दिली. तिची पहिली आठ पानं वाळवीने खाल्लेली, त्यामुळे मी नवव्या पानापासून सुरुवात केली. देवगडला कामासाठी गेलो होतो तेव्हा ओहोटीच्या डबक्यातून पाच पट्टेरी मासे, एक शंखातला खेकडा आणि फुलासारखा उमलणारा एक जीव दगडासकट आणला. (धोतर वर खोचून मी ते धरत असताना आमचे साहेब पुलावरून बघत होते. त्यांनी अजून काही विचारलेलं नाही, म्हणून जास्त भीती वाटते.) पहिल्या रात्रीच पेटी गळली आणि मथुरेचं तांदळाचं पिंप खारट झालं. तिसऱ्या दिवशी तीन मासे उलटे झाले. डब्यात पूर्वी रॉकेल होतं असं मथुरेला वाटतं. पाणी महिनाभर मुरू द्यावं असं बहुधा त्या आठ पानांत असावं, असं मला वाटतं.

मी मेलेले मासे काढत होतो तेव्हा आबा खाटेवरून म्हणाले, "हरी, ह्यां पाणी मेलेलां आसा. लाट खंय आसा हेच्यात?"

किती महिन्यांनी त्यांनी मला नावाने हाक मारली होती.

त्यांनी खाट पेटीशेजारी ओढायला लावली. नवे डबे मागवले, तेही भरतीच्या वेळी, खडकापलीकडचं पाणी, असं मला तुम्हांला लिहायला लावलं. (तुम्हांला तो माझा शहाणपणा वाटला असेल. तो त्यांचा.) मग करवंटी घेऊन ते पेटीतलंच पाणी उचलत आणि वरून पुन्हा पेटीत ओतत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. करवंटीमागून करवंटी. आधी पडल्यापडल्या, मग बसून; महिन्याभरात पेटीच्या कडेला धरून उभे राहून. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम त्यांनी एकदाही केला नव्हता. घरभर पाण्याचा आवाज असे, आणि दोन मासे, खेकडा आणि ते फूल जगले. मी कचेरीत सगळ्यांना सांगत सुटलो.

मागच्या गुरुवारी घरी आलो तर आवाज बंद. आबा करवंटी मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं मासे गेले. मासे ठीक होते, काचेला धरून फिरत होते, जातात आणि वळतात.

"हरी," आबा म्हणाले, "तेंका नेवन सोड. आणि माकाय."

माशांबरोबर त्यांनाही परत जायचं होतं. दाजी, खरं सांगायचं तर मला राग आला. एवढी खटपट केली ती काय यासाठी, असं वाटलं. जेवलो नाही. मथुरेने विचारलं, पेटी त्यांच्यासाठी केली होती की तुमच्यासाठी?

रविवारी सगळे जीव डब्यात घालून मालवणला आलो आणि खडकात सोडले. दोन्ही मासे वळूनसुद्धा न बघता गेले. खेकडा थोडा थांबला, पण तो स्वभावानेच सावकाश. मग तुमच्या दारावरून तसाच पुढे जाऊन परतीची गाडी धरली. आत आलो असतो तर जे विचारायचं ते विचारावं लागलं असतं. ते आता लिहितो.

तुमचा,
हरी

ता. क. आबांना उरलेले दिवस समुद्राच्या काठाशी काढायचे आहेत. आमचं मालवणचं घर पडीक, आणि एकटं ठेवण्याची माझी हिंमत नाही. लेकीच्या घरी जेवायला ते तयार नाहीत. तुम्ही जाळी ठेवता त्या मांगराच्या खोपटात राहू, चूल वेगळी मांडू, असं म्हणतात. जावयाकडे असं मागणं रीतीचं नाही हे मी जाणतो. तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या मनात काही राहणार नाही. शांतपणे विचार करून कळवा, घाई नाही.

ता. क. दुसरा. आबांनी वरचं सगळं वाचून घेतलं आणि एवढं कशाला लिहिलंस म्हणाले. त्यांनी कालच गाठोडं बांधलंय. शेजारचे धोंडू गवंडी उद्याच्या पहिल्या गाडीने मालवणला चाललेत, त्यांच्यासोबत येताहेत. मला रजा नाही. टपाल मागाहून पोचेल म्हणून पत्र आबांच्याच हाती देतो. म्हणजे तुम्ही हे वाचत असताना ते काठी टेकून दारात उभे असणार. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. आधी बसायला द्या. (हे खरं तर अगदी वर लिहायला हवं होतं.)