राहून गेलेला अनुस्वार

प्रिय प्रभावतीस,
मालवणहून आशीर्वाद आणि आठवण. तुझे गुडघे कसे आहेत? मला इथे मासे सोडून सगळं पचतं, काळजी नको.

आंब्याच्या बागेतल्या नेपाळी मजूर बायकांना मी गरोदरपणातली आसनं शिकवतो. सगळं पुस्तकांतून शिकलो, तरी माझं आसन तसूभर चुकत नाही. हिंदी तेवढी कच्ची. परवा ‘साँस छोडो’ म्हणताना अनुस्वार राहिला.

"सास तो गाँव में छोड दी, मास्टरजी!" बायका हसल्या. सातव्या महिन्यातली मनमाया मात्र रडू लागली.

बागेवर देखरेख करणारी आशाताई म्हणाली, "मास्तर, हिचो झील थंय सासूकडे आसा. आता आवशीक ओळखणा नाय." म्हणजे मुलगा आता आईला ओळखतही नाही.

श्वास सोडताना हात पोटावर हवा. मनमाया कधीच ठेवत नाही. मी टोकलं, तर म्हणाली, "इसको भी छोडना पडेगा. आदत क्यों लगाऊँ?"

यावरचं आसन मला ठाऊक नाही, प्रभा.

दोन दिवस ती जेवलेली नाही. बाकीच्या बायका दिवसभर कामावर, बाळंतपणाला तिच्याजवळ थांबणारं कुणी नाही. तू येशील? शिकवायचं काही नाही, नुसतं शेजारी बसायचं. लगेच कळव, सातवा सरत आलाय.

तुझा,
उत्तम