तिसऱ्या मिनिटापर्यंत सातवा

रविवार, ५ सप्टेंबर २००४

तिसऱ्या मिनिटापर्यंत सातवा होतो. मग गाडी मंदावली आणि लांबच्या वळणावर उभीच राहिली. कारण: बॅटरी तापली. तापमान ७१ अंश. थर्मामीटर माझा स्वतःचा आहे, त्यामुळे चूक होणं शक्य नाही.

रिमोटच्या गाड्यांचं दुकान चालवणाऱ्या कामियाबाईंनी आज चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं की डिसेंबरात दुकान बंद. दुकानामागचा ट्रॅकही जाणार, तिथे पार्किंग होणार आहे. म्हणजे २३ नोव्हेंबरच्या सुट्टीची शर्यत ही शेवटची. अकरा वर्षं मी इथे रिमोटची गाडी पळवतोय आणि एकदाही पहिल्या दहा जणांच्या फायनलमध्ये गेलो नाही. दर वेळी थोडक्यात हुकलं. आता एकच संधी उरली.

संकल्प: या वेळी फायनल. हमामात्सूच्या पियानो कारखान्यात अडतीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली. एखादी पट्टी जरा खाली बसली तरी आम्ही पाच वेळा 'का' विचारायचो, म्हणजे मूळ कारण सापडतं. तीच पद्धत इथे.

गाडी का थांबली? बॅटरी तापली. बॅटरी का तापली? खराब आहे. खराब का? नीट जोडलेली नाही. नीट का जोडली नाही? होरिउचीने जोडली.

चार प्रश्नांतच काम झालं. पाचव्याची गरज पडली नाही.

होरिउची माझा तीस वर्षांचा मित्र. घड्याळं दुरुस्त करायचा. ट्रॅकवर आमचं टेबल एकच. माझ्या बॅटऱ्या तोच करतो, सहा सहा सेल तपासून, जुळवून, स्वतः झाळून. हौस म्हणून. त्याला थर्मामीटर दाखवला तर म्हणाला, तेरुओ, मोटारीवर चोवीस दात्यांचं पिनियन, एवढं मोठं दातेरी चाक, कशाला लावलंस? चढावर सायकलचा मोठा गिअर टाकलास तर मांड्या भरून येतील की नाही? बॅटरीचं तेच होतंय. एकवीस दाते लाव.

एकवीस दाते नवशिक्यांसाठी असतात. जितके दाते जास्त तितका वेग जास्त. हे शास्त्र आहे.

रविवार, १२ सप्टेंबर

पंचवीस दाते लावले. शिवाय नवी योजना: बॅटरी आधीच गार करून नेली तर तापायला वेळ लागेल. काल संध्याकाळपासून फ्रिजमध्ये ठेवली होती.

सकाळी बायको, कियोए, म्हणाली, अहो, मुळ्याच्या लोणच्याशेजारी हे काय ठेवलंय? पाहुणे आले तर काय सांगू, यांच्या बॅटरीला ताप आलाय म्हणून? तिला तांत्रिक गोष्टी समजावत बसलो नाही.

ट्रॅकवर बाहेर काढल्यावर बॅटरीला घाम फुटला. पाणी जोडाच्या पिनेत गेलं. गाडी सुरूच झाली नाही.

कारण: फ्रिजमधली दमट हवा. फ्रिज कियोएने निवडला होता.

रविवार, ३ ऑक्टोबर

सव्वीस दाते. अडीच मिनिटांपर्यंत नववा, मग बंद. ७३ अंश. हिशेब करून पाहिला: शर्यतीची पाचही मिनिटं पूर्ण झाली असती तर मी चौथा आलो असतो. होरिउचीला हिशेब दाखवला. तो म्हणाला, बाकीच्यांची पाच मिनिटं यात धरली आहेस का? उगाच फाटे फोडतो.

आमच्याकडे ज्याची शर्यत संपली त्याने पुढच्या शर्यतीत वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या असतात. माझ्या वेळी वळणावर दातांचे डॉक्टर एझाकी होते. गाडी उचलायला त्यांनी निदान चार सेकंद लावले. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, इनागाकी-सान, तुमची गाडी उलटली नव्हती. धूर येत होता म्हणून मी हात लावला.

त्यांची बोटं भाजली होती असं नंतर कळलं. यावरूनच बॅटरी किती खराब आहे ते दिसतं.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

दोन दिवस बसून अहवाल लिहिला. कारखान्यात माल पुरवणाऱ्याला पाठवायचो तसा. विषय: सदोष बॅटरी. चार पानं, दोन प्रती, शेवटच्या पानावर तापमानाचा आलेख, तीन रंगांत. भाषा अत्यंत सभ्य ठेवली आहे. होरिउची शहाणा आहे, वाईट वाटून घेणार नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

अहवाल दिला. होरिउचीने तिथेच चष्मा लावून चारही पानं वाचली. मग घडी घालून खिशात ठेवली. आज तो पिनियनबद्दल काहीच बोलला नाही. अहवालाचा परिणाम दिसतोय.

सोमवार, ११ ऑक्टोबर, सुट्टी

सकाळी दहा वाजता होरिउची घरी आला. काळा सूट, टाय. हातात बिस्किटांचा डबा. दारातच कमरेत वाकला आणि म्हणाला, माझ्या कामातल्या उणिवेमुळे आपल्याला त्रास झाला, मनापासून क्षमा मागतो.

उत्तम. पुरवठादाराने असंच वागायला हवं. मी अहवालाची पोहोच मिळाल्याचं सांगितलं आणि डबा घेतला. तो आत न येता गेला.

रात्रीच्या जेवणाला कियोए म्हणाली, तीस वर्षांचा मित्र सूट घालून दारात उभा राहतो, चपला काढा म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाही तुम्ही. मी म्हटलं, ते कामाचं बोलणं होतं, मैत्रीचा काय संबंध? तिने बिस्किटांना हात लावला नाही. मी दोन खाल्ली. चांगली होती.

रविवार, १७ ऑक्टोबर

होरिउचीने चूल वेगळी मांडली आहे. ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला, एझाकींच्या शेजारी. टेबल आता पूर्ण माझं. सोयीचं आहे, सामान पसरता येतं.

दुकानातून तयार बॅटरी घेतली, सगळ्यांत वरच्या दर्जाची. सत्तावीस दाते. आज उत्तर मिळणार याची खात्री होती.

दुसऱ्या मिनिटाला बंद. ७६ अंश.

पुन्हा पद्धतशीर विचार केला. नवी बॅटरी का तापली? मोटार जास्त वीज ओढते. मोटार जास्त का ओढते? तिला सवय लागली आहे. सवय का लागली? होरिउचीच्या बॅटऱ्यांमुळे. म्हणजे माझा अहवाल बरोबरच होता.

कामियाबाईंना हे सांगितलं. त्या गल्ल्यामागून म्हणाल्या, इनागाकी-सान, चहा घ्या.

रविवार, ३१ ऑक्टोबर

दीड मिनिट. तेराव्या क्रमांकावर असताना बंद. ७८ अंश. दुकानाच्या विजेचा दाब कमी असावा.

चहाचा थर्मास भरून नेला होता, सवयीने दोन पेले ठेवले गेले. दुसरा तसाच राहिला. पलीकडे होरिउची एझाकींना काहीतरी सांगत होता आणि दोघं खो खो हसत होते. काय विनोद होता ते कळलं नाही. आपणहून जाऊन विचारणं बरं दिसलं नसतं.

करमत नाही. याचा बॅटरीशी संबंध नाही, तरी नोंद करून ठेवतो.

रविवार, १४ नोव्हेंबर

शर्यतीला गेलो, पण गाडी पेटीतून काढली नाही. मान अवघडली होती.

कियोएने विचारलं, होरिउचींची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, तेच विचारतेय मी.

संकल्प: चांगल्या पुरवठादाराला सुधारण्याची एक संधी द्यायला हवी. कारखान्याचाही तसाच नियम होता.

मंगळवार, १६ नोव्हेंबर, दुपारी

होरिउचीकडे गेलो. गाडी बरोबर होती. कुठला डबा न्यावा ते सुचेना, कियोएने पर्सिमनची फळं बांधून दिली. त्याच्या खोलीत पंधराएक घड्याळं आहेत आणि प्रत्येकात वेगळे वाजलेत. इतरांचीच दुरुस्त करायचा.

मी म्हणालो, तुला आणखी एक संधी देण्याचा विचार आहे. तो म्हणाला, उपकार झाले. मग गाडी उलटी करून चष्मा कपाळावर सरकवला, नखाने दाते मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाला, सत्तावीस? तेरुओ, ही शर्यतीची गाडी आहे का नांगर?

मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मागे स्क्रूड्रायव्हरचा आवाज येत होता. एकवीस दात्यांचं बसवलं असावं. मी परवानगी दिली नाही. मनाईही केली नाही. त्याने नवे टायरही चिकटवून दिले आणि ड्रॉवरमधून एक बॅटरी काढून पुढे ठेवली, ती त्याने सप्टेंबरातच माझ्यासाठी करून ठेवली होती.

निघताना म्हणाला, तुझ्या अहवालातला आलेख फार सुरेख होता. संडासात लावलाय, रोज बघतो.

घरी येताना चालतच आलो. हवा छान होती. बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर

तयारी पूर्ण. टेबल पुन्हा एकत्र मांडायचं ठरलं आहे. सगळं जुळून आलंय. बॅटरी तापली नाही तर उद्या मला कोणी अडवू शकत नाही. सप्टेंबरातला सातवा क्रमांक धरून हिशेब केला: पहिल्या तिघांत यायला हरकत नाही. विजेत्याला दोन शब्द बोलावे लागतात. मुद्दे काढून ठेवले. होरिउचीचाही उल्लेख केला आहे.

मंगळवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळी

तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही फेऱ्यांत गाडी पाच मिनिटं पूर्ण धावली. एकदाही थांबली नाही, उलटली नाही. ट्रॅकवरच्या पाच मिनिटांत किती वेळ असतो हे मला माहीतच नव्हतं. पहिल्या मिनिटात सगळे जण जवळपासच असतात. खरी चालवणारी माणसं नंतर पुढे जातात. एझाकी मला दोनदा मागे टाकून गेले, दुसऱ्यांदा जाताना सॉरी म्हणाले.

तीस जणांत एकोणतिसावा. तिसाव्याची गाडी घरी राहिली होती.

टेबलापाशी आलो. होरिउचीही आला. दोघांनीही बॅटरीला हात लावला. कोमट. थर्मामीटर काढायचीही गरज नव्हती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, टायर असतील. चिकटवताना घाई केली मी. माझंच चुकलं.

टायर उत्तम होते. पंधरा मिनिटांत गाडी एकदाही घसरली नव्हती. हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मला एकदम लाज वाटली, त्या सुटाची, त्या डब्याची, सगळ्याचीच.

मी म्हणालो, टायर चांगले आहेत रे. गाडीही चांगली होती. मी हळू चालवतो.

होरिउची लगेच म्हणाला, हो, फार. सगळ्यांना माहीत आहे, अकरा वर्षं.

मग कोणी बोललं कसं नाही, मी विचारलं.

तो म्हणाला, बॅटरी होती की.

फायनल सुरू झाली होती. आम्ही थर्मास उघडला, अर्धा अर्धा चहा घेतला आणि उभ्याने ती शेवटपर्यंत पाहिली. एझाकी सहावे आले. अंधार पडायच्या आत टेबल दोघांनी उचलून कामियाबाईंच्या गोदामात नेऊन ठेवलं.