टांगेवाल्याचं गाणं

१९ फेब्रुवारी १९६४, दिग्रस

मुंबईहून कंपनीचं पत्र. माझी निवडक बारा गाणी एकाच मोठ्या तबकडीवर निघणार – 'हलीमा दिग्रसकर : गाजलेली गाणी'. वर फोटो, ऑपरेशनच्या आधीचा.

जिवंत बाईची असली तबकडी काढतात का? विचारू कोणाला. नागपूरच्या डॉक्टरनं गळ्यातली गाठ काढली, तिच्यासंगं आवाजही गेला. दीड वर्ष झालं. आता पाटी, पेन्सिल आणि ही वही.

नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही. इथं लिहिते – कय्युम. कंपनीचा सारा पत्रव्यवहार तेच पाहतात. सही करू का, म्हणाले. मी मानेनंच हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी

गल्लीभर बातमी. नणंद खातूनबी शिरा घेऊन आली. म्हणे, खानदानाचं नाव काढलं. याच गाण्यांपायी तिनं चार वर्षं माझ्या हातचं पाणी घेतलं नव्हतं! मी हसले. तेवढ्याला आवाज लागत नाही.

६ मार्च

गाण्यांची यादी आली. पहिलंच – 'टांगेवाल्या, हळू हाक'.

जेवले नाही.

७ मार्च

लिहूनच टाकते. १९५८चा ऑगस्ट. मुंबईत त्या गाण्याचं रेकॉर्डिंग. कधी तबला चुके, कधी मी. कंपनीचे साहेब म्हणाले, हसत गा बाई, गाण्यात हसू ऐकू आलं पाहिजे. सातव्यांदा जमलं. मग त्यांनी खिशातून तार काढून दिली. सकाळीच आली होती.

माझी नूरी. तीन वर्षांची. ताप.

मी दिग्रसला पोचले तोवर माती देऊन झाली होती.

आणि ते हसू साऱ्या मुलखात वाजलं. लग्नात, उरुसात, बसस्टँडवरच्या हॉटेलात.

९ मार्च

कंपनीला लिहिलं – बाकी अकरा राहू द्या, हे एक काढा. कारणही लिहिलं. पत्र आधी कय्युमना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं. पोस्टात मीच टाकलं.

१ एप्रिल

उत्तर आलं. तबकड्या तयार झाल्या आहेत. लोकांना हेच गाणं हवं असतं. क्षमस्व.

संपलं.

१२ एप्रिल, रविवार

तबकडी आली. आमच्या चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर ती चालत नाही, हळू फिरणारं यंत्र लागतं. ते कापसाचे व्यापारी भगवानराव यांच्याकडे आहे. त्यांनी घरी बोलावलं. सतरंजीवर वीस-पंचवीस माणसं. मला पुढं बसवलं.

पहिलंच गाणं लागलं. माझा आवाज. माझं हसू. लोक माना डोलवू लागले. यजमानीण लीलाबाई माझ्याशेजारी सरकल्या – "कायले रडून राह्यल्या, बाई? खुशीचा दिस आहे आज."

कय्युमकडं पाहिलं. डोळे मिटून गुडघा हलवत होते – तालावर! इतका राग मला सहा वर्षांत आला नव्हता. घरी येताना मी दुसऱ्या गल्लीनं आले.

१३ एप्रिल

सकाळी पाटीवर लिहून त्यांच्यापुढं धरलं – लाज नाही वाटली?

म्हणाले, "हे गाणं पयलं ठेवा, असं कंपनीले म्याच लिहिलं होतं."

मग खाली पाहून बोलत राहिले. मुंबईला जायच्या आधी मी महिनाभर ते गाणं घरात घोकत होते. नूरी त्यांच्या मांडीवर बसून त्यावर टांगा-टांगा खेळायची. तापातही तेच मागत होती. "मले गाता येत नाही. तरी म्याच गायलं. तिनं शेवटलं तेच ऐकलं. घरातली रेकॉर्ड तू फोडली, तवा काही बोललो नाही. पण एकडाव तुह्यासंगं बसून तुह्या आवाजात ऐकायचं होतं, हलीमा."

पाटी हातातच होती. त्यावरचं लिहिलेलं मी पदरानं पुसलं.