टर्बो थंड होईपर्यंत

रविवार, जेवणानंतर

टर्बो तापलेला असताना इंजिन एकदम बंद केलं तर आतलं ऑइल जळतं. म्हणून घरी आल्यावर दोन मिनिटं गाडी उभी करून चालू ठेवायची. जपानहून आलेल्या माझ्या या गाडीत मी हौसेनं इंजिनाचा जोर वाढवणारा मोठा टर्बो बसवून घेतला, तेव्हा बायकोला, नीलिमाला, हे मीच समजावलं होतं. पण आज तर जरीपटक्याच्या बाजारातून नुसती भाजी आणली. गर्दीत दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही. टर्बो तापला कुठे होता? तरी बसलो. दोन मिनिटं, की दहा? बाबा अंथरुणाला खिळल्यापासून ही मिनिटं वाढत गेली आहेत. मला ते कळत नव्हतं, असं कसं म्हणू?

शेवटी नीलिमाच खाली आली आणि काचेवर टकटक केली. "गाडी थंड होऊन राहिली, की तुम्ही?"

"अगं, टर्बो..."

"टर्बोले दोन मिनिटं लागते. मी दिवसभर तापते, मले कोण थंड होऊ देते?"

हसत म्हणाली, पण पुरतं हसली नाही.

या गाडीची किल्ली मी आजवर कुणाच्याच हातात दिली नव्हती. आज दिली. म्हटलं, मिहानच्या मोकळ्या रस्त्यापर्यंत जाऊन ये, बाबांपाशी मी आहे.

बाबांना भरवलं, कूस बदलून दिली. मग खाली गाडी आल्याचा आवाज झाला. इंजिन चालूच राहिलं. दोन मिनिटं कधीच होऊन गेली. मी खिडकीपर्यंत गेलो आणि हाक न मारता परत बाबांपाशी येऊन बसलो.